दुसरं टोक

त्सियालाकडे हत्यार नुसतं मागून मिळत नाही.
आधी ती विचारते, तोडायचं काय आहे?

तिबिलिसीत, कोरड्या पुलाच्या कठड्याशी
मी जुने चमचे विकतो, समोवाराच्या तोट्या, कुणाकुणाची पदकं.
शेजारी तिचा ताडपत्रीचा हिरवा तुकडा,
त्यावर रेवाजच्या एकोणीस पकडी
तोंडं मिटून झोपलेल्या.
रेवाज पियानो जुळवायचा.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.

परवा एक पोरगा आला, कानात बाळी,
रेडिओ दुरुस्त करतो म्हणाला
आणि थेट सगळ्यांत दांडगी पक्कड उचलली.
लेकराच्या हातून सुरी काढावी
तशी तिनं ती काढून घेतली,
दिली चिमणीच्या चोचीएवढी, सपाट ओठांची.
"ही तांबं बुडाशी कापते, टोक ठेवत नाही.
पण हिला खिळा दाखवलास, तर मेली म्हणून समज."

काखेतीची एक बाई, द्राक्षमळ्यात तारा ताणणारी,
तळहात घट्ट्यांनी भरलेले.
तिला लांब दांड्यांची, जाड जबड्याची, आणि वर शिकवण:
"टोकानं चावू नकोस, दाढेनं चाव.
कठीण तार नेहमी सांध्याजवळ घ्यायची."
बाई हसली.
तिला पुढचे दात नव्हतेच.

वायरमन बादरीची केबल तुटायच्याऐवजी चेचली जायची.
त्याला वाकड्या चोचीची मिळाली, कात्रीसारखी चालणारी.
"आणि मुठीच्या लाल रबरावर विसंबू नकोस.
आधी मेन बंद कर. तुझ्या बायकोला मी ओळखते."

देण्याआधी प्रत्येक पक्कड ती मिटते
आणि नदीवरच्या उजेडाकडे धरते.
पात्यांमधून उजेडाची रेघ दिसली
तर किंमत निम्मी, आणि का तेही सांगते.

एकीच्या पात्याला नखाएवढी खोक आहे.
लग्नाच्या वर्षी, घाईत, रेवाजनं
पियानोची पोलादी तार साध्या पकडीनं तोडली.
तार तुटली. पक्कडही कामातून गेली.
ती विकायची नाही.
तिनं त्सियाला अक्रोड फोडते, मलाही देते.

अकरा महिने दुसऱ्यांचं ऐकून झाल्यावर
एकदा मीही विचारलं.

"तोडायचं काय?"
"कपडे वाळत घालायची तार. पोलादी, पिळाची.
माझ्या गॅलरीतून समोरच्या गॅलरीत जाते.
दोन्हीकडे कप्पी."
"जाडी?"
"करंगळीच्या निम्मी."
"कपडे?"
"नाहीत. नऊ वर्षं."

समोर माझा भाऊ गुराम राहतो, हे मी सांगितलं नाही.
बापाचा अकॉर्डियन कुणी विकला, तेही नाही.

तिनं बराच वेळ घेतला. दोन उचलून खाली ठेवल्या.
तिसरी वर्तमानपत्रात गुंडाळली.
"तोडशील तिथं आधी चिकटपट्टी लाव,
नाहीतर पीळ उसवतो. चष्मा घाल."
पैसे मोजले, ॲप्रनच्या खिशात घातले,
आणि मग, अक्रोड निवडता निवडता:
"ताणलेली तार तुटली की चाबकासारखी फिरते.
दुसरं टोक कोण धरणार?"

मी एक चमचा पुसत राहिलो.
तो आधीच लखलखीत होता.

पक्कड स्वयंपाकघराच्या खणात आहे,
दोऱ्याच्या रिळाशेजारी.
थंडी पडली की तार आकसते, कप्पी कुरकुरते.
एखाद्या रात्री समोरचीही कुरकुरते,
वारा नसताना.

काल तेल आणलं.
पकडीच्या सांध्यात दोन थेंब सोडले.
बाटलीत बरंच उरलं होतं, म्हणून
गॅलरीत जाऊन
कप्पीलाही.